हत्तीवाल्या आर्नेचं मत

अमेरिकेहून आलो तेव्हापासून वस्तीतला जो भेटतो तो विचारतो, बापू, काय काय पाहिलं? तो समुद्रातला मशालवाला पुतळा पाहिला का? मोठा धबधबा पाहिला का? नाही पाहिला. जावयानं न्यायची तयारी दाखवली होती, मीच नाही म्हटलं. पाणी वरून खाली पडतं ते रामटेकच्या बाजूलाही पडतं. मी तिथं एक निवडणूक पाहिली. दोन हजार आठ सालची. आणि नुसती पाहिली नाही, एक मत स्वतःच्या हातानं ढकलत बूथपर्यंत नेलं. ते मत कुणाचं होतं, यावरून घरात वादही झाला. त्याचीच ही हकीकत आहे.

मी चौथी शिकलो आहे. नागपूरच्या कापडगिरणीत साच्यावर उमर काढली आणि उरलेला वेळ निळ्या झेंड्याच्या कामात घातला. आमच्या वस्तीतलं कुठलं घर कुणाला मत देतं ते मला तोंडपाठ आहे. मतदानाच्या दिवशी बूथबाहेर टेबल टाकून चिठ्ठ्या द्यायच्या, म्हाताऱ्यांना रिक्षात घालून आणायचं, दुपारी कोण राहिलं ते पाहून त्याच्या दारात उभं राहायचं, हे काम मी केलं. भाषणं दुसऱ्यांनी केली. निवडून कधी आलो नाही, पण पाडलं पुष्कळांना.

माझी मुलगी संगीता इंजिनेर होऊन संगणकाच्या कामासाठी तिकडं गेली. तिचं सगळं मला पसंत होतं, एक गोष्ट सोडून. त्या वर्षी उन्हाळ्यात तिनं तिथलं नागरिकत्व घेतलं. म्हणजे इथलं मत गेलं. मी फोनवर म्हटलं, "पोरी, दागिना टाकला असता तरी बोललो नसतो. मत टाकून दिलं तू?"

माझ्या रागाला कारण आहे. माझ्या बापानं पहिलं मत टाकलं तेव्हा तो धुतलेलं धोतर नेसून गेला होता. गावात ज्या पाटलाच्या दारासमोरून पायताण काढून हातात घेऊन जावं लागे, त्या पाटलाच्या मागं तो त्याच रांगेत उभा राहिला. पाटलाचं एक, माझ्या बापाचं एक. घरी येऊन तो माझ्या आईला एवढंच म्हणाला, "आज सारखं होतं." ते धोतर आईनं पुढं रोजच्या वापरात कधी काढलं नाही.

संगीतानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, मी इथं रिकामी बसणार नाही. नोव्हेंबरमध्ये माझं पहिलं मत आहे. तुम्ही आणि आई या. तुमच्यासमोर टाकते."

म्हणून आम्ही गेलो.

ईडन प्रेरी

मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस नावाचं शहर आहे, त्याला लागून हे गाव. गाव म्हणायचं, पण पार नाही, चौक नाही, पानठेला नाही. घरं एकासारखी एक, पुढं हिरवळ, मागं झाडं. आम्ही उतरलो तेव्हा झाडं लाल-पिवळी होऊन झडत होती. रस्त्यावर माणूस दिसत नाही, नुसत्या गाड्या. आणि त्या हॉर्न वाजवत नाहीत, त्यामुळं दोन दिवस मला आपण बहिरे झालो असं वाटत होतं.

जावई सोमवारी सकाळी विमानानं टेक्सासात अर्विंगला कामाला जातो आणि गुरुवारी रात्री येतो. एस.टी.नं अपडाऊन करतात तसं विमानानं. संगीता दिवसभर हापिसात. म्हणून तिसऱ्या दिवशी मी आणि संगीताची आई पायी निघालो. शेजारच्या घरापुढं खुर्ची टाकून एक उंच, लाल तोंडाचा म्हातारा बसला होता. डोक्यावर टोपी. आणि टोपीवर, मी जवळ जाऊन पाहिलं, पितळी हत्ती.

आता मी काय सांगू. हत्ती ही आमची निशाणी. माझ्या बापानं पहिल्या खेपेला हत्तीच्या पेटीत मत टाकलं, मी भिंतींवर चुन्यानं हत्ती काढत मोठा झालो, सोंड अजूनही एका झटक्यात काढतो. सात समुद्र ओलांडून शेजारी हत्तीवाला निघावा. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवला. त्याच्या टोपीकडं बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर. तोही खूष झाला. उठून आत गेला आणि खोक्यातून तसलाच एक हत्ती आणून माझ्या स्वेटरला लावला. त्याचं नाव आर्ने. माझं नाव त्याला म्हणता येईना, म्हणून तो मला फ्रेंड म्हणायला लागला.

संध्याकाळी संगीता गाडीतून उतरली. तिची नजर माझ्या स्वेटरवर गेली.

"बाबा, हे काय लावलंय?"

"आपला हत्ती. शेजारी आपला माणूस आहे नं, तू सांगितलं नाही."

ती पायरीवरच बसली आणि पोट धरून हसली. मग तिनं समजावलं. इथं दोन मोठे पक्ष. एकाची निशाणी हत्ती, दुसऱ्याची गाढव. हत्ती इथं मोठ्या कंपनीवाल्यांचा, जुन्या वळणाच्या लोकांचा. आणि ती स्वतः गाढवाचं काम करत होती. प्रत्येक शनिवार-रविवार दारोदार.

"गाढवाला मत द्या म्हणून माझी पोरगी लोकांच्या दारात जाते?"

"बाबा, इथं चिन्हाला मत नाही देत. नावाला देतात."

"मग निशाणी ठेवलीच कशाला?"

दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या उमेदवाराचा गोल निळा बिल्ला मला दिला. मी तो घेतला, हत्तीच्या बाजूला लावला. हत्ती काढ म्हणाली, काढला नाही. मुलगी माझी आहे, तिच्या पक्षाचा बिल्ला लावीन. पण हत्ती माझ्या बापाचा आहे.

हे मी आर्नेला कळवलं, संगीताच्या तोंडून. तो म्हणाला, "त्याला सांग, माझ्या टोपीवरचाही माझ्या बापाचाच आहे."

बटाट्याची पोळी

आर्नेचे आजे-पणजे नॉर्वे देशातून आले. तिकडं जमीन नव्हती, इकडं मिळाली. कुणाची होती, मी विचारलं. संगीतानं जरा चाचरतच विचारलं ते. आर्ने म्हणाला, "डकोटा लोकांची. त्यांना हाकललं. माझा आजा म्हणायचा जमीन मोकळी होती. मोकळी नव्हती, मोकळी केली होती." हे तो कॉफी ओतता ओतता म्हणाला. मला माणूस आवडला. आपल्याकडं असं कबूल करायला पिढ्या जातात.

त्यानं आम्हाला बटाट्याची पोळी खाऊ घातली. तिला ते लेफ्से म्हणतात. उकडलेल्या बटाट्यात मैदा मळून कागदासारखी लाटायची, मोठ्या गोल तव्यावर टाकायची आणि एका लांब चपट्या काठीनं उलथायची. वरून लोणी आणि साखर लावून गुंडाळी करायची. संगीताच्या आईनं ती काठी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली.

"मांड्यासारखं काम आहे हे," ती म्हणाली. "पण मीठ-मिरचीचा पत्ता नाही. बिमार माणसाचं खाणं आहे."

आर्नेची बायको तीन हिवाळ्यांमागं गेली, पोळ्या तीच करायची. आता चर्चच्या बायका आणून देतात. संगीताच्या आईनं दुसऱ्या दिवशी त्याला ज्वारीची भाकर, झुणका आणि ठेचा नेऊन दिला. ठेच्याचा पहिला घास घेतल्यावर तो इतका लाल झाला की मी पाणी आणायला धावलो. पण त्यानं ताट पुसून खाल्लं.

अशी आमची रोजची बैठक सुरू झाली. संगीता हापिसातून आली की अर्धा तास दुभाषी. त्यात मी या मतदारसंघाची कुंडली काढून घेतली, कारण ते केल्याशिवाय मला निवडणूक समजत नाही.

आर्नेच्या लहानपणी इथं सगळी शेती. बटाटे, मका, गाई. जिथं संगीताचं घर आहे तिथं त्याचं बटाट्याचं वावर होतं. मग हमरस्ता आला. हमरस्त्यामागून मोठमोठी हापिसं आली, हापिसांमागून घरं. एक शेतकरी विकतो, मग त्याच्या शेजाऱ्याचा कर वाढतो, मग तो विकतो. आर्नेनं सगळ्यांत शेवटी विकलं, घर आणि पुढची हिरवळ ठेवून.

"शहरातून जे आले ते गोरे, खाऊनपिऊन सुखी," तो म्हणाला. "त्यांनी हत्तीला मत दिलं. आम्ही शेतकरी आधीच देत होतो. वर्षानुवर्षं इथून हत्तीच गेला वॉशिंग्टनला. शेवटचा जो होता त्याला तर गाढववालेही मत द्यायचे, कारण तो भांडखोर नव्हता. आता तो घरी बसतो म्हणाला, म्हणून ही जागा रिकामी झाली."

"आणि आता संगीतासारखे लोक आले," मी म्हटलं.

"हो. भारतातले, सोमालियातले, व्हिएतनाममधले. आणि गोऱ्यांची शिकलेली पोरं. आता कुणालाच माहीत नाही काय होईल."

दर दहा वर्षांनी तिकडं शिरगणती झाली की मतदारसंघाच्या रेघा नव्यानं ओढतात. कधी हे गाव या बाजूला, कधी ते. आपल्याकडं वॉर्ड फोडतात तेव्हा नकाशा कुणाच्या सोयीचा होतो ते मला माहीत आहे, म्हणून मी हसलो. आर्ने म्हणाला, "मी जन्मलो त्याच घरात आहे. मी हललो नाही. मतदारसंघच माझ्याखालून सरकत गेला."

दारोदार

एका रविवारी मी संगीतासोबत प्रचाराला गेलो. तिकडचा प्रचार म्हणजे मयतीला गेल्यासारखा. ना ढोल, ना घोषणा. दोघं-दोघं जातात, घंटी वाजवतात, दोन पावलं मागं सरकून उभे राहतात. दार उघडलं तर हळू आवाजात बोलतात. नाही म्हटलं तर थँक्यू म्हणून निघतात. मी म्हटलं, "संगे, नाही म्हणणाऱ्याच्या दारातून निघून कसं चालेल? बस नं जरा तिथं. पाणी माग. पाणी दिलं की माणूस ढिला होतो."

"बाबा, पोलीस बोलावतील."

हिरवळीवर लोकांनी पाट्या खुपसल्या होत्या. एका घरापुढं दोन पाट्या, एक हत्तीवाल्याच्या नावाची, दुसरी गाढववाल्याच्या. मला वाटलं पोरांनी खोडी केली. संगीता म्हणाली, डावीकडची बायकोची, उजवीकडची नवऱ्याची. मी तिथं थांबूनच राहिलो. माझा सगळा जन्म घरं मोजण्यात गेला. मी मतं कधी मोजली नाहीत, चुली मोजल्या. एक चूल, पाच मतं. इथं एका चुलीचे दोन तुकडे, आणि चूल शाबूत.

एका दारात आपलाच पोरगा निघाला, पुण्याचा. "काका, या ना आत, चहा घ्या. पण आम्हाला व्होट नाही हां, मी अजून व्हिसावर आहे. फक्त टॅक्स भरतो यार." आम्ही आत बसलो, तिथं चहा प्यालो आणि पोहे खाल्ले. सगळ्या रविवारात एवढं एकच घर सापडलं जिथं आम्हाला बसा म्हटलं, आणि तिथं एकही मत नव्हतं.

सर्वांत वर राष्ट्राध्यक्षाची निवडणूकही त्याच दिवशी होती. तिथं गाढवाकडून एक काळा माणूस उभा होता. त्याबद्दल आमच्या घरात दोन मतं नव्हती. संगीताच्या आईनं त्याचा फोटो पेपरातून कापून फ्रीजवर लावला होता. पण संगीताचा जीव खालच्या जागेत, या मतदारसंघाच्या जागेत अडकला होता. "वरचा येईल बाबा," ती म्हणायची. "आमचा इथला मात्र काठावर आहे. एकेक मत वेचावं लागणार." तिचा आवाज बसला होता. मी ओळखतो तो आवाज, माझा तसा अनेकदा बसलेला आहे.

मंगळवार

मतदानाच्या दोन आठवडे आधी आर्ने पायरीवर घसरला आणि त्याचा खुबा मोडला. दवाखान्यातून तो चाकाच्या खुर्चीत परत आला. पोस्टानं मत पाठवता येतं म्हणून संगीतानंच त्याला सांगितलं होतं, विरोधकाचं मत असून. हे मी तिच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. आर्ने म्हणाला, "लढाईवरून आलो तेव्हापासून मी स्वतः जाऊन मत दिलं आहे. लिफाफ्यात घालून वीजबिल पाठवतात." चर्चमधली एक बाई त्याला गाडीनं नेणार होती.

मतदानाच्या दिवशी नवल म्हणजे छान ऊन पडलं होतं. संगीता पहाटेच कामाला गेली. चार वाजता येते, मग तुम्हाला घेऊन मत टाकायला जाते, असं सांगून गेली. दुपारी मी बाहेर आलो तर आर्ने त्याच्या दारात खुर्चीवर बसला होता. चर्चच्या बाईला ताप भरला होता, हे मला मागून कळलं. त्याचा मुलगा दूर कॅलिफोर्नियात सनीव्हेलला. "नो कार," तो म्हणाला आणि हात पसरले. तेवढं मला कळलं.

आता माझी अडचण सांगतो. मतदानाच्या दिवशीचा आमचा एक नियम आहे. विरोधकाच्या माणसाला अडवायचं नाही, पण त्याला आणायचंही नाही. आपल्या रिक्षात समोरच्याचं मत बसवणारा कार्यकर्ता मूर्ख तरी असतो नाहीतर विकला गेलेला. आणि इथं माझी पोरगी सकाळपासून एकेका मतासाठी फिरत होती. तिला फोन करता आला असता, नंबर फ्रीजवर होता. पण तिला फोन करून काय सांगायचं? तुझ्या विरोधकाला घेऊन जा? तिनं नाही म्हटलं असतं तर ते मला आवडलं नसतं, आणि हो म्हटलं असतं तर तिला जड गेलं असतं. मी घरात आलो आणि बसलो.

संगीताच्या आईनं खिडकीतून पाहिलं. "तो म्हातारा काऊन बसला जी असा तयार होऊन?"

"त्याची गाडी नाही आली. मताला जायचं आहे त्याला."

"मग?"

"मग काय? हत्तीचं मत आहे ते. संगीताच्या विरोधात."

"माणूस मताला जातो म्हणते, अन् तुमी हिशोब करून राहिले?"

"तुले नाही समजत त्यातलं."

"नसंल समजत. पण जाऊन एकदा पाहा तं खरं, कसा बसला आहे तो."

मी पुन्हा गेलो. मघाशी मी नीट पाहिलंच नव्हतं. रोज गबाळा सदरा घालणारा आर्ने काळा कोट घालून बसला होता. पांढरा सदरा, टाय, बूट घासलेले. एका पायाचा बूट घालताना त्याला किती त्रास झाला असेल ते त्या मोडक्या खुब्यावरून समजत होतं. टोपी काढून केस पाण्यानं चापून बसवले होते. मला माझ्या बापाचं धोतर आठवलं.

मी खुर्चीच्या मागं गेलो आणि दोन्ही मुठी धरल्या. म्हटलं, "चल."

मतदान एका चर्चमध्ये होतं, अर्ध्या-पाऊण कोसावर. रस्त्याच्या कडेनं पायवाट पक्की होती, त्यावरून खुर्ची झरझर चालली. संगीताची आई मागून पाण्याची बाटली घेऊन. गाडीवाले आम्हाला पाहून हळू होत होते. आर्ने त्याच्या भाषेत कायतरी गात होता, मी मला येतं ते बोलत होतो. मी विचारलं, "पाय दुखतो का?" तो म्हणाला, "येस, येस, गुड डे." असं आमचं संभाषण.

चर्च मात्र टेकाडावर निघालं. चढाला लागलो तशी खुर्ची मागं यायला लागली. आर्ने आहे साडेसहा फूट, मी गिरणीतला वाळका माणूस. मोज्यांवर चपला घातल्या होत्या, त्या घसरायला लागल्या. पानं ओली होती. मी खुर्चीला छाती लावली, संगीताच्या आईनं माझ्या पाठीला हात लावले. आम्ही तिघं असे एकामागं एक तिथं थांबलो, वरही नाही आणि खालीही नाही.

तेवढ्यात गाडी करकचून थांबली. आम्हाला घ्यायला घरी निघालेली संगीता.

"बाबा, काय करताय तुम्ही?"

"दिसत नाही का? मत नेतो आहे."

"कुणाचं?"

"आर्नेचं."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या छातीवर निळा बिल्ला, आवाज पार गेलेला. "बाबा, सकाळपासून दारं वाजवून माझी बोटं सुजलीत. एकेक मत मी... आणि तुम्ही तिकडचं एक ढकलत आणताय? तुम्ही? आयुष्यभर इलेक्शन केलेला माणूस?"

मी म्हटलं, "भांडण वर गेल्यावर कर. माझे हात सुटून राहिले."

खुर्चीतून आर्नेनं मान वळवली. "संगीता," तो शांतपणे म्हणाला, "या खुर्चीला ब्रेक कुठं आहे ते तुझ्या बापाला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. संगीतानं ओठ दाबून धरले, तरी हसू फुटलंच. पण डोळ्यांत पाणीही होतं, ते मी पाहिलं. तिनं खाली वाकून ब्रेक लावला, गाडी कडेला घेतली, येऊन माझ्या बाजूची एक मूठ धरली. "सरका," म्हणाली. एक मूठ तिची, एक माझी. असा तो हत्ती आम्ही वर चढवला.

दारात एक पांढऱ्या केसांची बाई होती, तिथली मतदान अधिकारी. तिनं माझ्या छातीकडं बोट केलं. निवडणुकीचा बिल्ला लावून आत येता येत नाही. संगीता म्हणाली, "बाबा, बिल्ले काढा. दोन्ही." तिनं स्वतःचाही काढला. नियम तो नियम, आपल्याकडंही शंभर मीटरच्या आत चालत नाही. मी निळा काढला, हत्ती काढला आणि दोन्ही एकाच खिशात टाकले. तिथं ते एकमेकांवर खुळखुळत राहिले.

आत गडबड नाही, पोलिसाची बंदूक नाही. मदतनीस म्हणून मला आर्नेसोबत उभं राहू दिलं. रांगेत आर्नेचा नंबर संगीताच्या आधी होता. त्यानं खुर्ची बाजूला घेतली. "हिचं पहिलं आहे," तो अधिकारी बाईला म्हणाला. "पहिलं आधी जाऊ द्या."

आपल्याकडं बटणाची पेटी आली, अमेरिकेत मात्र अजून कागद आणि पेन. कागदावर नावांसमोर अंडाकृती गोल, तो काळा करायचा, मग कागद स्वतः मशीनच्या तोंडात द्यायचा. संगीता आडोशातून निघाली, कागद मशीननं ओढून घेतला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. बोटाला शाई नाही, लाल चिकटपट्टी देतात, मी मत दिलं असं छापलेली. तिनं ती लावली आणि माझ्याजवळ येऊन बसलेल्या आवाजात म्हणाली, "सारखं होतं, बाबा."

आर्नेला आडोशाशी लावून मी पाठ करून उभा राहिलो. त्यानं पुष्कळ वेळ घेतला.

बुधवार

सकाळी निकाल लागलेला होता. वर गाढव जिंकलं होतं, तो काळा माणूस देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला होता. आणि खाली, आमच्या मतदारसंघात, हत्ती जिंकला होता. तीच माणसं, तोच कागद, तेच पेन. वरच्या ओळीत एक, खालच्या ओळीत दुसरं. माझ्या चुली मोजायच्या हिशोबात हे कुठंच बसत नव्हतं. मी चहा पीत दोनदा समजून घेतलं, तरी बसलं नाही.

संगीता स्वयंपाकघरात एकदा टीव्हीपुढं डोळे पुसायची आनंदानं, एकदा फोन ठेवून दुःखानं. मी म्हटलं, "पोरी, ते जे मी नेलं..."

"एका मतानं नाही हरलो, बाबा," ती म्हणाली. "चांगले पुष्कळ मतांनी हरलो."

मला बरं वाटलं आणि वाईटही. पुष्कळ मतांनी पडलेल्या उमेदवाराला वाटतं तसं.

ती हिरवळीवरची पाटी उपटायला बाहेर गेली. तिकडं निकाल लागला की लगेच पाट्या काढतात. आर्नेला वाकता येत नव्हतं, म्हणून त्याच्या हिरवळीवरचीही तिनंच उपटली. मी तिच्यासोबत होतो. आर्ने दारात आला. आज परत गबाळा सदरा, टोपी आणि हत्ती.

"तुझ्या बापानं एक गोष्ट चांगली केली," तो संगीताला म्हणाला, आणि तिनं मला सांगितलं. "इतक्या दूर ढकलत नेलं, परत आणलं, पण मी मत कुणाला दिलं हे त्यानं एकदाही विचारलं नाही. माझा मुलगा फोनवर सगळ्यांत आधी तेच विचारतो. वर कुणाला, खाली कुणाला. त्याला सांग, असा माणूस मी पाहिला नाही."

संगीता माझ्याकडं अशी पाहत होती जसं मी निवडून आलो. मी उपटलेल्या पाटीची माती झटकली. आर्नेनं आतून ती पोळी उलथायची काठी आणली, त्याच्या बायकोची, आणि संगीताच्या आईसाठी म्हणून माझ्या हातात दिली.

पुढं दोनतीन दिवसांत पहिला बर्फ पडला आणि आम्ही दारं लावून घरात बसलो. संगीताच्या आईनं आर्नेच्या काठीनं बटाट्याच्या पोळ्या करून पाहिल्या, पिठात मीठ आणि जिरं टाकून. मी तव्याजवळ बसलो होतो.

"खरंच नाही विचारलं जी तुमी त्याले?" ती म्हणाली. "तुमी? वस्तीत दर घरी विचारत फिरणारे?"

"नाही विचारलं."

"काऊन?"

आता तिच्याशी काय लपवायचं. "परत येताना सगळ्या रस्त्यानं मला तेच विचारायचं होतं," मी म्हटलं. "पण इंग्रजीत कसं विचारायचं ते येत नव्हतं."

ती हसली, तव्यावरची पोळी तशीच राहिली. मग म्हणाली, "मले तं मराठी येते. मले बी तुमी कधी विचारलं नाही. दर खेपेला सांगतच गेले, हत्तीवर मार म्हणून."

मी तिच्याकडं पाहिलं. मग म्हटलं, "मग आता विचारू?"

"आता नका विचारू," ती म्हणाली, आणि काठी पोळीच्या खाली घालून तिनं ती अलगद उलथली.